टाक्या नकोत, गवंडीकाम पाठवा

महोदय,

परदेशातल्या पाणीटंचाईच्या गावांना मदत करू पाहणारी मंडळे आणि कंपन्या मुंबईत कमी नाहीत. पण निधी जमला की पहिली सूचना येते ती तयार प्लास्टिकच्या टाक्या घेऊन धाडण्याची. न्हावाशेव्याहून निघणाऱ्या वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर. त्यात दहा हजार लिटरच्या फार तर दोन टाक्या मावतील. म्हणजे भाडे भरायचे ते बहुतांशी हवेचे. भूकंप किंवा पुरानंतर लगेच पाणी साठवायचे असेल तर प्लास्टिकला पर्याय नाही, हे मान्य. एरवी मात्र जाळी, सिमेंट आणि वाळू यांतून टाकी उभी करणारे हात तिथे तयार होणे जास्त गरजेचे आहे. ते कसे करावे आणि कुठे फसते, हे या कामातल्या माणसांनी लिहावे म्हणून हे पत्र.

जाळीवर सिमेंट-वाळू थापण्याचे हे तंत्र, म्हणजे फेरोसिमेंट, काही नवे नाही. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लांबो यांनी १८४८ च्या सुमारास तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होड्या केल्या. शंभर वर्षांनी इटलीत पिएर लुइजी नेर्वी यांनी तेच तंत्र इमारतींत आणले. थायलंडच्या ईशान्य भागात १९८० च्या दशकात घरोघरी दोन हजार लिटरचे सिमेंटचे रांजण झाले, तेही लाखांच्या संख्येने. गोणपाटाची मोठी पिशवी शिवायची, तूस किंवा भुसा भरून ती फुगवायची, वरून सिमेंट लिंपायचे आणि घट्ट झाल्यावर भुसा उपसून पिशवी काढून घ्यायची, असा तो प्रकार. ब्राझीलच्या निमकोरड्या ईशान्य पट्ट्यात २००३ पासून ‘दहा लाख टाक्या’ ही मोहीम चालली. तिथे सिमेंटच्या लहान लाद्या जागेवरच ओतून, त्या गोल रचून १६ हजार लिटरची टाकी बांधतात. या दोन्ही ठिकाणी बाहेरून टाकी आली नाही, गावातला गवंडी तयार झाला.

आपल्याकडेही पाणी साठवण्याची समज जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांत खडकात चर खोदून पावसाचे पाणी पोढ्यांत, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यांत, उतरवले आहे आणि पोढीचे तोंड मुद्दाम लहान ठेवले आहे, हे बोरिवलीला जाऊन कुणीही पाहू शकतो. मुंबई महापालिकेने २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय बंधनकारक केला. त्यातले किती कागदावर राहिले, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आता मूळ मुद्दा. परदेशी गावाला आपला नकाशा देऊ नये, आपला हिशेब द्यावा. टाकीचा आकार पाऊस किती पडतो यावर ठरत नाही, पावसाविना किती दिवस काढायचे यावर ठरतो. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. पाच माणसांचे घर, पिण्या-रांधण्याला माणशी दहा लिटर आणि कोरडे दोनशे दिवस धरले तर दहा हजार लिटर लागतात. ब्राझीलचे १६ हजार लिटर पाच माणसांना आठ महिन्यांवर वाटले तर माणशी रोजचे साधारण तेरा लिटर पडतात, म्हणजे हिशेब तोच. पण युगांडासारख्या विषुववृत्तावरच्या देशाच्या मोठ्या भागात वर्षातून दोनदा पावसाळा येतो. कोरडा काळ तीन महिन्यांचा असेल तर साडेचार हजार लिटर पुरतात. तिथे कोकणची दहा हजारांची टाकी बांधली तर बरेच सिमेंट वाया गेले, आणि समुद्रापासून दूरच्या देशात सिमेंटचे पोते मुंबईपेक्षा कितीतरी महाग पडते.

छप्पर पुरेल का, तेही आधी पाहावे. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस पडला, आणि गळती-उडणे वजा करून त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ३२ हजार लिटर मिळतात. गवती छपराचे पाणी गढूळ येते. ते पिण्याला धरू नये.

दहा हजार लिटरच्या टाकीचे उदाहरण घेऊ, म्हणजे साहित्याचा अंदाज येईल. आतला व्यास अडीच मीटर, उंची २.१ मीटर, भिंत चार सेंटिमीटर जाड, वर घुमटी झाकण. सिमेंट १६ पोती. चाळलेली वाळू अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट; चाळण्यात जाते म्हणून मागवताना थोडी जास्त), तळाच्या काँक्रीटला २० मिमी खडी पाव ब्रासच्या आत. सहा मिमी सळई साधारण ६० किलो. दोन इंची चौकटीची वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची ताठ जाळी) २७ चौरस मीटर, अर्धा इंची कोंबडीजाळी ६० चौरस मीटर, बांधणीची तार पाच किलो. जाळी गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, हवी.

गोल आकार दिसायला बरा म्हणून घेत नाहीत. गोल भिंतीत पाण्याचा दाब वाकवत नाही, ओढतो, आणि ओढ तारेला सोसते. वर सांगितलेल्या टाकीत तळाकडच्या मीटरभर उंचीच्या पट्ट्यावर सुमारे दोन टन ओढ येते. सिमेंट ती सोसत नाही. म्हणून सळईची आडवी कडी खालच्या निम्म्या उंचीत दर १५ सेंटिमीटरला आणि वर दर ३० सेंटिमीटरला बांधायची, कडीचे जोड ४५ सेंटिमीटर एकमेकांवर घ्यायचे आणि एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. शिकवताना इथे काटकसर सुचवणारा कुणीतरी हमखास निघतो: सळईऐवजी बांबू. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. थायलंडमध्ये बांबूचा सांगाडा घालून टाक्या बांधल्या, ओलाव्याने बांबू कुजले. केनियात धान्याच्या कणगीवर सिमेंट थापून टाक्या केल्या, त्या वाळवीने आणि कुजण्याने गेल्या. टाकी फुटते तेव्हा दहा टन पाणी एका दमात बाहेर येते आणि शेजारी मूल खेळत असू शकते. बांबू नको म्हणजे नको.

पाया सोपा, पण टाळाटाळ इथेच होते. १५ सेंटिमीटर खोदून दगडगोट्यांचे सोलिंग, पाणी मारून धुम्मस, त्यावर १:२:४ चे (सिमेंट, वाळू, खडी) दहा सेंटिमीटर काँक्रीट, मध्ये सळईची जाळी. भिंतीच्या उभ्या सळया तीस सेंटिमीटर वाकवून याच काँक्रीटमध्ये घ्यायच्या, नंतर टोचून चालत नाहीत. काळ्या मातीत सगळी काळी माती काढून मुरूम भरावा, नाहीतर ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि तळ तडकतो. संडासाच्या खड्ड्यापासून आणि मोठ्या झाडापासून लांब जागा धरावी.

खरी गोम वाळूत आहे. मुंबईत नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून क्रश सँडची, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूची, सवय झाली. तिच्यातली भुकटी जास्त असली तर पाणी जास्त लागते आणि गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. बेटांवर आणि किनारी गावांत समुद्राची वाळू हाताशी असते, तिच्यात मीठ. इमारतीच्या कॉलमला सळईवर चार सेंटिमीटर काँक्रीट असते. इथे जाळीवर जेमतेम पाच मिलिमीटर माल, म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळू, असतो. मीठ राहिले की जाळी गंजते, गंज फुगतो आणि पापुद्रे सुटतात. समुद्राची वाळू वापरायचीच वेळ आली तर गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी. पण ज्या गावात गोडे पाणीच नाही तिथे हा सल्ला हास्यास्पद ठरतो. तिथे आतल्या भागातून वाळू आणण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

गाळ बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या सरळ बाटलीत निम्मी वाळू, वर चिमूटभर मीठ टाकलेले पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवायची. वाळूवर गाळाचा थर बसतो. वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू धुवावी किंवा परत पाठवावी. ही बाटली प्रत्येक शिकाऊ गवंड्याच्या पिशवीत असायला हवी.

माल एकास तीन. ३० बाय ३० बाय ३९ सेंटिमीटरचा लाकडी फरमा करावा, त्यात ३५ लिटर मावते, म्हणजे ५० किलोच्या पोत्याचे माप. एक पोते, तीन फरमे वाळू, वीस लिटर पाणी. मात्र पोते सगळीकडे ५० किलोचे नसते. फिलिपिन्समध्ये ४० किलोचे मिळते. ‘पोत्याला तीन फरमे’ हे पाठ करून गेलेला माणूस तिथे कमी सिमेंटचा माल कालवतो. म्हणून सिमेंटही फरम्यानेच मोजायला शिकवावे. ओली वाळू आणखी फसवते. चार-पाच टक्के ओलाव्याने ती पंचवीस टक्क्यांपर्यंत फुगते, म्हणजे तीन फरमे भरले तरी वाळू प्रत्यक्षात कमी जाते, आणि तिच्यातच सहा-सात लिटर पाणी असते. वर वीस लिटर ओतले की माल पातळ. पातळ माल थापायला सोपा जातो, म्हणून गवंड्याला आवडतो. सुकताना तोच चिरतो आणि पाझरतो. खूण एकच: मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि तळहात ओला राहता कामा नये. कालवलेला माल तासाभरात, कडक उन्हात अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी शिंपडून वळवू नये, टाकून द्यावा. तीन महिन्यांहून जुने, खडे झालेले सिमेंट टाकीला वापरू नये.

थापणे. भिंतीला आधार देणारा साचा परवडत नसेल तर सोपी रीत अशी. सांगाडा उभा करून त्यावर वेल्डमेश, मग आतून-बाहेरून एकेक कोंबडीजाळी बांधायची. तार दर वीतभर अंतरावर पिळायची, जाळी ढिली राहता कामा नये, थापीने ठोकली की मागेपुढे होते ती जाळी पुन्हा बांधायची. मग बाहेरून गोणपाट घट्ट गुंडाळून सुतळीने आवळायचे आणि आतून माल दाबायचा, वरवर पसरायचा नाही. दाबलेला माल जाळीतून जाऊन गोणपाटाला टेकला की जाळीमागे पोकळी राहत नाही. बाहेरच्या माणसाने गोणपाटावर फळी धरून रेटा द्यायचा. दुसऱ्या दिवशी गोणपाट काढले की बाहेरची बाजू खरबरीत दिसते, काही ठिकाणी जाळी उघडी. ती ओली करून, सिमेंटचा घोल मारून बाहेरचा थर चढवायचा.

एक फेरी तळापासून वरपर्यंत एका दिवसात पुरी झाली पाहिजे. निम्मी भिंत आज, निम्मी उद्या केली की त्या सांध्यातून पुढे आयुष्यभर पाणी झिरपते. म्हणून थापण्याच्या दिवशी दोन गवंडी, चार बिगारी आणि सगळी चाळलेली वाळू सकाळी सातला तयार हवी. जेवणाच्या सुट्टीतही पाळी लावावी. शिबिरे घेणारे लोक या दिवशी भाषणे आणि फोटो ठेवतात. तो कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवावा.

भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सात ते दहा सेंटिमीटरचा गोलवा भरावा. नव्वद टक्के गळती इथलीच, असे गवंडी म्हणतात. आकडा कुणी मोजलेला नाही, पण बोट नेमके ठेवलेले आहे. आतून शेवटी नुसत्या सिमेंटचा घोल घोटून घ्यावा.

झाकणाचा घुमट त्याच जाळ्यांचा, खाली फळ्या आणि टेकू, सात दिवस टेकू काढायचे नाहीत. माणूस उतरेल एवढे साठ सेंटिमीटरचे तोंड ठेवावे आणि त्याला कुलूप लागेल असे झाकण.

आता पाणी मारणे. मुंबईतले शिक्षण परदेशात सर्वांत जास्त फसते ते या टप्प्यावर. इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गिलावा आपोआप ओला राहतो. कोरड्या वाऱ्याच्या प्रदेशात, भर उन्हात, चार सेंटिमीटरची भिंत दुपारपर्यंत पांढरी पडते. तिथे थापल्याबरोबर सावली, माल आवळताच ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक, आणि दिवसातून तीन-चारदा पाणी, किमान सात दिवस, जमल्यास चौदा. एवढे पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न काम सुरू करण्याआधी सोडवावा लागतो. एका टाकीला माल कालवण्यापासून पाणी मारण्यापर्यंत हजारभर लिटर तरी हाताशी ठेवावे. म्हणून पावसाळा संपता संपता, विहिरीला पाणी असताना बांधकाम काढणे शहाणपणाचे. मदतीचे पैसे मात्र बहुधा आर्थिक वर्ष संपताना, मार्चमध्ये येतात.

सातव्या दिवसानंतर टाकी रोज फूटभर भरत न्यावी. पहिल्या भरण्यात बाहेर ओलसर डाग दिसतात, त्याने घाबरू नये. बारीक छिद्रांत चुना बसून ते दोन-तीन आठवड्यांत बुजतात. पाणी थेंब धरून वाहत असेल तर मात्र टाकी रिकामी करून आतून खाच मारावी, ओली करावी आणि घट्ट माल ठासावा. बाहेरून लिंपून गळती थांबत नाही, दाब आतून असतो. पहिले पाणी सिमेंटमुळे खारवट-तुरट लागते, ते बांधकामाला किंवा झाडांना द्यावे. नंतर टाकी कधी कोरडीठाक होऊ देऊ नये. उन्हात रिकामी भिंत आकसते. तळाला थोडे पाणी ठेवावे. म्हणूनच नळ तळापासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर बसवतात, आणि धुण्यासाठी वेगळा नळ अगदी तळाशी.

पावसाची पहिली सर छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ती वळवून टाकायला दर चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर धरतात, म्हणजे चाळीस चौरस मीटरला वीस ते चाळीस लिटर. बहुतेक जण ११० मिमी पाइपाचा मीटरभर तुकडा उभा लावून काम झाले समजतात. त्यात नऊ लिटरही मावत नाहीत. जुना पन्नास लिटरचा पिंप लावावा, तळाला बारीक गळते भोक ठेवावे, म्हणजे तो पुढच्या सरीआधी आपोआप रिकामा होतो. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढाच जाड हवा, आणि दोन्ही तोंडांना डासांची जाळी. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, हे मुंबईकरांना सांगायला नको. टाकी बांधून गावात डेंग्यू नेला, असे व्हायला नको.

हे सगळे चित्रफितीवरून शिकता येते, असे अनेकांना वाटते. माल किती घट्ट हवा, जाळी किती ताणलेली, हे हाताला कळते, डोळ्याला नाही. म्हणून शिकवण्याची रीत अशी असावी: पहिली टाकी पाहुण्या गवंड्याने बांधायची, गावच्यांनी हाताखाली राबायचे. दुसरी गावच्यांनी, पाहुण्याने फक्त बोलायचे. तिसरी बांधताना पाहुण्याने तिथे असूच नये, पाणी भरायच्या दिवशी यावे आणि डाग मोजावेत. निधी देणाऱ्यांना पहिल्या टाकीवर आपली पाटी हवी असते. पैसे खरे तर तिसरीला लागतात.

शिकणाऱ्यांत बायका हव्यात. पाणी त्या आणतात, टाकीची गळतीही त्यांनाच आधी दिसते. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या मध्यमवयीन बायका सहा महिने राहून सौर दिव्यांची यंत्रणा बांधायला शिकल्या. भाषा समान नसताना, रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर. तो खर्च भारत सरकारच्या आयटेक योजनेतून झाला. १९६४ पासून चाललेली ही योजना परदेशी प्रशिक्षणार्थ्यांचा प्रवास आणि राहणे यांचा भार उचलते. गवंडीकामाला सहा महिने लागत नाहीत, सहा आठवडे पुरतात. फक्त शेवटचे दोन आठवडे त्यांच्याच देशात, त्यांच्याच वाळूवर आणि त्यांच्याच उन्हात व्हायला हवेत.

मुंबईतल्या देणगीदारांना, अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि परराष्ट्र खात्यापर्यंत पोच असलेल्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे की अशा अभ्यासक्रमाची मागणी करावी. महाविद्यालयांनी फार तर हिशेब आणि चाचण्या सांभाळाव्यात. शिकवणारे म्हणून कोकणातले, मराठवाड्यातले हाताने टाकी थापणारे गवंडी घ्यावेत, आणि त्यांना दुभाष्यासकट, अभियंत्याइतकेच मानधन द्यावे. कंटेनर पाठवायचाच असेल तर त्यात गॅल्व्हनाइज्ड जाळीचे रोल, २.३६ मिमीच्या चाळण्या, तार पिळायचे आकडे, थाप्या, ओळंबे आणि लाकडी फरमे भरावेत. सिमेंट तिथलेच घ्यावे, समुद्रप्रवासात ते ओल धरते.

आपले,
पाणी साठवणुकीच्या बांधकामातले काही अभियंते व गवंडी,
मुंबई